अँटी-क्लोरीनचे थेंब, प्राइम, कार्बन की जारचं पाणी? मराठवाड्यातल्या नळावर रोपांच्या टँकला काय लागतं

फिशटँक घेतला की दुकानदार पिशवीत अँटी-क्लोरीनची बाटली टाकतोच. माशांच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. रोपांचं गणित मात्र वेगळं आहे. व्हॅलिस्नेरियाची पानं खरखरीत झाली, नवी पानं पिवळी आली, मॉस तपकिरी पडलं की खापर नळाच्या पाण्यातल्या औषधावर, म्हणजे क्लोरीनवर फुटतं आणि बाटलीतले थेंब वाढवले जातात. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत ते औषध टँकपर्यंत पोचतच नाही. पोचतो तो क्षार, आणि क्षारावर अँटी-क्लोरीनचा एक थेंबही काम करत नाही. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: आपल्याकडच्या पाण्यात रोपांसाठी ती नेमकं काय करते?

आधी पाण्याबद्दल. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचं पाणी फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, लातूरला मांजरा धरणाचं, नांदेडला विष्णुपुरीचं. शुद्धीकरणाची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच: तुरटी किंवा पीएसी (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड) टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळायचं आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिल्लक मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं आहे. त्याच मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे माणसाला चालणारं पाणी नाजूक रोपाला नकोसं असू शकतं आणि तरीही कागदावर ते शुद्धच.

आपल्याकडे नळ रोज येत नाही, ही गोष्ट इथे पथ्यावर पडते. पाणी आधी हौदात, मग गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून बाथरूमच्या नळात येतं. या प्रवासात दोन-चार दिवस गेले की मुक्त क्लोरीन जवळपास संपलेला असतो. उरतात ते अपवाद, आणि सगळा घोळ त्यांच्यातच आहे. पाणी आलं त्या दिवशी थेट मेन लाइनच्या नळाला पाइप लावून टँक भरणं हा पहिला. दुसरा टँकरचा: टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर अंदाजाने, मुठीने पडते, त्यामुळे क्लोरीन २-३ मिलिग्रॅमही निघू शकतो. तिसरा सोसायटीच्या हौदाचा, जिथे कुणीतरी आदल्या रात्री ब्लीचिंग टाकलेलं असतं आणि ते फळ्यावर लिहिलेलं नसतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी आलं की केंद्रातूनही मात्रा वाढते.

त्यामुळे सगळ्यात आधी घ्यायची वस्तू म्हणजे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टची, पाण्यातला क्लोरीन मोजायची किट. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तीच. काचेची नळी खुणेपर्यंत पाण्याने भरायची, किटवर लिहिलेले तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची. लगेच, पाच-दहा सेकंदांत जो पिवळा रंग दिसतो तो मुक्त क्लोरीनचा. तीन-चार मिनिटांत रंग आणखी गडद होत गेला तर क्लोरीन अमोनियाला बांधला गेलेला आहे, म्हणजे क्लोरामाइन. फिकट लिंबोणी रंग साधारण अर्धा मिलिग्रॅम, गडद पिवळा एकच्या आसपास, आणि नारिंगीकडे झुकला तर त्या पाण्याला आज हात लावू नका. चाचणीचं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नाही. तो द्राव आम्लयुक्त आणि विषारी असतो. या किटला पाचपैकी पाच, कारण ती बाकीची खरेदी वाचवते.

क्लोरीन रोपांचं करतो तरी काय? तो पेशींच्या आवरणाला आणि हरितद्रव्याला जाळतो, आणि पातळ पानांवर हे आधी दिसतं. अनुबियास, जावा फर्न, जाड पानांची क्रिप्टोकोरीन यांना अर्ध्या मिलिग्रॅमने काही होत नाही. रिक्सिया, मॉस आणि काबोम्बाचे कोवळे शेंडे मात्र दोन-तीन दिवसांत पांढुरके, पारदर्शक होतात. खूण लक्षात ठेवा: क्लोरीनने पान पिवळं होत नाही, रंग उडतो, आणि तोही टोकाकडून, पाणी बदलल्यानंतर लगेच. पान हळूहळू, आठवड्या-आठवड्याने पिवळं होत असेल तर कारण दुसरं. क्रिप्टोकोरीनची सगळी पानं एका रात्रीत लगदा होऊन पडली तर तेही बहुधा क्लोरीनचं काम नसतं. पाण्याचा गुणधर्म किंवा तापमान एकदम बदललं की ती पानं टाकते. मूळ उपटू नका, नवी पानं येतात. रोपांपेक्षा जास्त फटका फिल्टरमधल्या जिवाणूंना बसतो. ते मेले की अमोनिया चढतो, शेवाळ धरतं आणि रोपं शेवाळाखाली गुदमरतात.

आता बाटल्यांकडे. अँटी-क्लोरीन म्हणून मिळणाऱ्या साध्या थेंबांत बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. तेच स्फटिक प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किलोच्या पाकिटात मिळतात आणि बाटलीच्या मानाने मातीमोल पडतात. हिशेब सरळ आहे: १ मिलिग्रॅम क्लोरीन मारायला ७ मिलिग्रॅम स्फटिक लागतात. १० ग्रॅम स्फटिक थोड्या आरओ पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलीपर्यंत भरा. या द्रावणाच्या १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम हायपो आहे, म्हणजे १५ लिटरच्या बादलीत लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १ मिली पुरे. ओटीत अर्धा मिलिग्रॅम दिसला तर अर्धा मिली, टँकरच्या पाण्यात ३ दिसला तर ३ मिली. मोजायला सुईशिवायची सिरिंज घ्या, टोपणाने मोजू नका. टाकून ढवळलं की मिनिटभरात काम झालेलं असतं. खात्रीसाठी त्याच बादलीची ओटी पुन्हा करा, रंग यायला नको. दीडपट पडलं तरी रोपांना काही होत नाही. दहापट टाकायची मात्र गरज नाही, कारण जास्तीचा हायपो पाण्यातला थोडा ऑक्सिजन खातो आणि उन्हाळ्याच्या रात्री तो आधीच कमी असतो.

द्रावण गडद काचेच्या बाटलीत, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून ठेवलं तर दोन-तीन महिने टिकतं. दुधाळ झालं, तळाशी पिवळसर गंधक बसलं की फेकून नवं करा. दुकानातली बाटली कधी भरली हे कळायला मार्ग नसतो, घरच्या बाटलीवर तारीख लिहिता येते. हायपोची खरी मर्यादा क्लोरामाइनची आहे: तो क्लोरीन तोडतो, पण सुटलेला अमोनिया पाण्यातच राहतो. घनदाट रोपांचा टँक असेल तर रोपं तो खातात, त्यामुळे इथे फार बिघडत नाही. नव्या, विरळ टँकमध्ये बिघडतं.

काही दुकानांत अँटी-क्लोरीनसोबत निळ्या रंगाची बाटलीही ‘पाणी साफ करायला’ म्हणून दिली जाते. निळा रंग मेथिलीन ब्लूचा असेल तर ते बुरशीचं औषध आहे, पाण्याचं नव्हे. फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन निळं करून जातं. गोगलगायी आणि शेवाळ मारणाऱ्या बाटल्यांत अनेकदा तांबं, म्हणजे आपल्या मोरचुदाचंच भावंड असतं. व्हॅलिस्नेरिया आणि मॉसलाही त्याचा फटका बसतो. लेबलावर घटक लिहिलेले नसतील तर रोपांच्या टँकसाठी ती बाटली शून्य गुणांची.

सीकेम कंपनीचं प्राइम हे महागातलं कंडिशनर. मात्रा २०० लिटरला ५ मिली, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला ०.४ मिलीपेक्षा किंचित कमी; इन्सुलिनच्या सिरिंजशिवाय हे अचूक जमत नाही. क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काढतं आणि सुटलेला अमोनियाही बांधून ठेवतं असा कंपनीचा दावा आहे. उघडलं की गंधकाचा वास येतो, तो खराब झाल्याचा नाही. नेसलर पद्धतीच्या अमोनिया किटचं रीडिंग प्राइमनंतर खोटं येतं, त्यावर घाबरून आणखी टाकू नका. टँकरवर जगणाऱ्या, जास्त मासे असलेल्या टँकला याचे पैसे वसूल होतात. गच्चीच्या टाकीचं दोन-तीन दिवस मुरलेलं पाणी वापरणाऱ्याला नाही. कोरफडीचं चित्र असलेली कंडिशनरं माशाच्या अंगावरच्या चिकट थरासाठी म्हणून विकली जातात. रोपाला कोरफडीचं काय करायचं?

व्हिटॅमिन सीही चालतं, १ मिलिग्रॅम क्लोरीनला अडीच मिलिग्रॅम. शुद्ध पावडर घ्या, चघळायच्या गोळीत साखर आणि रंग असतो. आणि फुकटचा उपाय: उघडी बादली, एअर पंपाचा दगड, एक रात्र. मुक्त क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन जात नाही. बादली उन्हात ठेवली तर आणखी लवकर, पण मग मे महिन्यात ते पाणी टँकमध्ये ओतायला संध्याकाळची वाट बघा. गच्चीच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं आणि देठाची रोपं ३० अंशांच्या पुढे तशीच कुरकुरत असतात. पाणी बदलायचं ते पहाटे किंवा सकाळी.

नळाला लावायचं कार्बन कार्ट्रिज क्लोरीन चांगलं काढतं, पण हळू धारेत. पूर्ण नळ सोडला तर पाणी कार्बनला नुसतं शिवून जातं. कार्बन कधी संपला हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा कार्ट्रिजच्या पुढच्या पाण्याची ओटी करा. टँकच्या फिल्टरमध्ये मात्र कार्बन कायमचा ठेवू नका, तुम्ही दिलेल्या खतातलं चिलेटेड (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं) लोहही तो काही प्रमाणात धरून ठेवतो.

इथवर क्लोरीन झाला. आता क्षार. व्हॅलिस्नेरियाचं जुनं पान दोन बोटांत धरून सरकवा. रवाळ लागलं, नखाने पांढरी पापडी निघाली, तर पान बाहेर काढून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले की तो चुना, कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी आणि बायकार्बोनेट भरपूर असेल तर व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, एजेरिया ही रोपं बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन घेतात आणि चुना पानावर बसतो. म्हणजे ती पापडी हा रोग नव्हे, रोपाने केलेल्या धडपडीचा पुरावा आहे. ज्या रोपांना हे जमत नाही ती उपाशी राहतात. बेसाल्टच्या खडकातल्या बोअरचं पाणी असलेल्या घरांत हे फार ठळक दिसतं.

हे मोजायला केएचची, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजायची थेंबांची किट लागते. ५ मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे, निळ्याचा पिवळा झाला की जितके थेंब तितके डिग्री केएच. एक डिग्री म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. टीडीएस मीटरवर हे कळत नाही, क्लोरीनही कळत नाही. तो मीटर फक्त एकूण विरघळलेलं किती एवढंच सांगतो. केएच १० आणि पीएच ८ असेल तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम ३ मिलिग्रॅम असतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून पीएच ७ वर आणला तर तोच ३० होतो. सिलिंडर नसेल तर बादामाची पानं आणि ‘पीएच डाउन’चे थेंब यांच्या नादी लागू नका. केएच १० चं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर येतं आणि त्या थेंबांत फॉस्फोरिक आम्ल असेल तर शेवाळाची मात्र दिवाळी.

जास्त पीएचचा दुसरा फटका लोहाला. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हा तोच केवडा, जो चुनखडीच्या रानात मोसंबीवर आणि उसावर पडतो. उपायही कृषी सेवा केंद्रातच आहे. फेरस ईडीटीए १२ टक्के, म्हणजे ईडीटीए या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, सहज मिळतं: ४ ग्रॅम ५०० मिली आरओ पाण्यात, आणि ४५ लिटर खऱ्या पाण्याच्या दोन फुटी टँकला त्यातलं ५ मिली, म्हणजे लिटरला ०.१ मिलिग्रॅम लोह. पण ईडीटीएची पकड पीएच साडेसहाच्या पुढे सैल होते आणि ८ ला लोह लवकरच गाळ होऊन बसतं, म्हणून आठवड्याचा डोस एकदम न देता दोन-तीन भागांत द्या, तोही सकाळी दिवा लागायच्या वेळी. ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनाने धरलेलं ६ टक्के लोह जास्त पीएचलाही टिकतं. ४० मिलिग्रॅमच्या आसपास एवढ्या टँकला पुरतं. पाणी गुलाबी दिसतं, ते सहन करायची तयारी हवी. फवारणीचं मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट मात्र आणू नका. त्यात जस्त लोहापेक्षा जास्त आणि तांबंही बरंच असतं. पोटॅशियमसाठी ००:००:५०, नायट्रेटसाठी १३:००:४५ ही विद्राव्य खतं उत्तम. १३:००:४५ चा १ ग्रॅम १०० लिटरला दिला तर नायट्रेट सुमारे ६ मिलिग्रॅम वाढतं. महागड्या बाटलीत बहुतेक हेच, पाण्यात घालून दिलेलं असतं.

नव्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये वॉटर सॉफ्टनर बसवतात आणि मालक खुश असतो की आता पाणी मऊ झालं. रोपांसाठी हा सगळ्यात फसवा सौदा. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो; केएच तेवढाच राहतो, टीडीएसही जवळपास तेवढाच. जीएचच्या, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायच्या किटमध्ये पहिल्याच थेंबाला रंग बदलतो आणि केएच मात्र १२. अशा पाण्यात नवी पानं वाकडी, खुरटी, चुरगळलेली येतात, कारण कॅल्शियमच नाही. उपाय एकच: प्लंबरकडून सॉफ्टनरच्या अलीकडे एक बायपास नळ काढून घ्या आणि टँकला तेच पाणी द्या. या यंत्राला रोपांच्या बाजूने गुण द्यायचे तर उणे.

आरओ आणि २० लिटरचा जार यांनी केएच खरोखर उतरतो. नळाचा केएच १२ आणि जारचा १ असेल तर ५ लिटर नळाचं आणि १० लिटर जारचं मिसळून पावणेपाचच्या आसपास येतो, आणि तो बहुतेक रोपांना मानवतो. नुसतं जारचं पाणी टँकमध्ये भरू नका. केएच शून्याजवळ गेला आणि कार्बन डायऑक्साइड चालू असेल तर पीएच रात्रीतून कोसळतो. प्रत्येक प्लँटचं पाणी वेगळं असतं, त्याच प्लँटचंही मेम्ब्रेन जुनं झालं की बदलतं. म्हणून जार आला की केएच मोजायचा, मागच्या वेळचा आकडा धरायचा नाही. थंड जार असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि घरच्या आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी टँकला देण्याची काटकसर करू नका. त्यात नळापेक्षाही जास्त क्षार असतो, ते फरशी पुसायला ठेवा.

तुरटीबद्दल थोडं. गढूळ पाणी आलं की हौदात तुरटी फिरवली जाते. १० मिलिग्रॅम तुरटी साधारण ५ मिलिग्रॅम क्षारता खाते, त्याचं काही नाही. पण ती फॉस्फेटही बांधून खाली नेते. आठवडेच्या आठवडे असं पाणी दिलं तर अनुबियासच्या पानांवर आणि काचेवर हिरवे घट्ट ठिपके धरतात, जे बोटाने निघत नाहीत. तेव्हा थेंबांच्या बाटल्या बाजूला ठेवा आणि ००:५२:३४ या फॉस्फेटच्या विद्राव्य खताचा चिमूटभर डोस द्या. हौदात फिरवल्यावर पाणी रात्रभर स्थिर राहू द्यायचं आणि बादली वरच्या पाण्याने भरायची. तळाचा कापसासारखा गाळ टँकमध्ये आला तर मॉसमध्ये अडकतो आणि धुऊनही निघत नाही.

एवढं सगळं करायचं नसेल तर रोपं पाण्याच्या स्वभावाची घ्या. व्हॅलिस्नेरिया, सॅजिटेरिया, हॉर्नवर्ट, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी जड पाण्यातही तग धरतात. टोनिना, सिंगोनँथस, एरिओकॉलॉन आणि रोटाला मॅक्रॅन्ड्रा दुकानात कितीही लाल-हिरवी दिसली तरी केएच १० वर त्यांचे पैसे पाण्यात. दुकानातून आणलेलं कुठलंही रोप पहिल्या तीन आठवड्यांत जुनी पानं टाकतं, कारण नर्सरीत ते बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं. त्या तीन आठवड्यांत नवीन बाटली घेऊ नका, फक्त सडकी पानं देठापासून कापा.